राइझ की रेझ : आधी आपल्या बोलीला विचारा

कापसाचे भाव वाढले, हे इंग्रजीत सांगायचं तर 'कॉटन प्रायसेस रोझ'. सरकारनं हमीभाव वाढवला, हे सांगायचं तर 'द गव्हर्नमेंट रेझ्ड द एमएसपी'. पहिल्या वाक्यातलं मूळ क्रियापद राइझ, दुसऱ्यातलं रेझ. शब्दकोश उघडला तर दोन्हींपुढे वर, वाढ, उठणं असेच अर्थ दिसतात आणि उच्चारातला फरकही एवढासाच. म्हणून दहावीच्या पेपरापासून स्पर्धा परीक्षेतल्या 'चूक ओळखा'पर्यंत या जोडीपाशी हातातले मार्क जातात.

गावच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या आणि आता ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत किंवा घरच्या ओसरीवर बसून इंग्रजी धरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. नियम पाठ करा असं मी सांगणार नाही. या दोन क्रियापदांतला फरक आपण वावरात, चुलीपाशी, बाजारात बोलताना न चुकता पाळतो. वऱ्हाडी बोलणारे तर प्रमाण मराठीपेक्षाही काटेकोरपणे पाळतात. ते कसं, हे पुढे येईलच. शेजारी वही घ्या आणि वाचता वाचता वाक्यं मोठ्यानं म्हणा.

पहिली पायरी : अक्षरं आणि आवाज

राइझचं स्पेलिंग आर-आय-एस-ई. रेझचं आर-ए-आय-एस-ई. रेझमध्ये एक अक्षर जास्तीचं आहे, आणि वाक्यातही रेझला एक नाम जास्तीचं लागतं. एवढं आत्ता फक्त लक्षात ठेवा, कारण चौथ्या पायरीवर याचा उपयोग होणार आहे.

राइझ म्हणताना तोंड 'राई' म्हणताना उघडतं तसं उघडा. रेझ म्हणताना 'रेघ'मधला 'रे' घ्या. शेवटचा आवाज 'जीव'मधल्या ज-चा नाही, 'जहाज'मधल्या ज-च्या जवळचा आहे, फक्त जीभ वर टेकू द्यायची नाही. स्पेलिंगमध्ये एस दिसतो म्हणून 'स' म्हणाल तर राइझचं राइस होईल, म्हणजे तांदूळ, आणि रेझची रेस होईल, म्हणजे शर्यत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानाच्या पट्ट्यात राइस मिल हा शब्द सतत कानावर असतो. तिकडच्या मुलांनी इथे थोडा वेळ जास्त द्यावा.

दुसरी पायरी : मराठी क्रियापद पूर्ण म्हणा

शाळेत हा विषय 'सकर्मक' आणि 'अकर्मक' या शब्दांपासून सुरू होतो. माझ्या मते ते उलटं आहे. आधी आपल्या तोंडातल्या जोड्या ऐकाव्यात आणि नाव मागाहून घ्यावं.

पडणे आणि पाडणे. तुटणे आणि तोडणे. फुटणे आणि फोडणे. सुटणे आणि सोडणे. चढणे आणि चढवणे. वाढणे आणि वाढवणे. प्रत्येक जोडीतलं पहिलं क्रियापद सांगतं की गोष्ट घडली, आणि दुसरं सांगतं की कोणीतरी ती घडवली. 'बैल सुटला' असं कोणी ओरडलं तर घरची माणसं हातातलं काम टाकून धावतात. 'बैल सोडला' म्हटलं तर कोणी जागचं हलत नाही, कारण सोडणाऱ्यानं तो जाणूनबुजून सोडलेला असतो. नुसती दोन अक्षरं बदलली आणि घरभर धावपळ झाली किंवा टळली. एवढा बारीक कान आपल्याकडे आधीच आहे.

राइझ हे सुटणे-वाढणे-चढणेच्या रांगेतलं आहे. रेझ हे सोडणे-वाढवणे-चढवणेच्या रांगेतलं. म्हणजे राइझ म्हणजे वर जाणं, रेझ म्हणजे वर नेणं.

म्हणून इंग्रजी वाक्याला हात घालण्याआधी मराठी वाक्य मनात पूर्ण म्हणा आणि शेवटचं क्रियापद ऐका. पावसाळ्यात वैनगंगेची बातमी येते तेव्हा एकाच बातमीत दोन्ही असतात. धरणातलं पाणी वाढलं, म्हणून गोसीखुर्दचे दरवाजे वर उचलले. पाणी वाढलं, म्हणजे 'द वॉटर लेव्हल रोझ'. दरवाजे उचलले, म्हणजे कोणीतरी यंत्र चालवून ते वर नेले, म्हणून 'दे रेझ्ड द गेट्स'. या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि त्यातला एकही आपण होऊन वर जात नाही. पाणी मात्र कोणाला न विचारता चढतं. हे चित्र डोळ्यांपुढे राहिलं तर अर्धं काम झालं.

इथे एक अडचण लगेच सांगून ठेवतो. क्रियापदाच्या मध्ये 'व' आला की रेझ, असं समीकरण काही मुलं करतात. ते बहुतेक वेळा चालतं, पण 'उगवणे'पाशी फसतं. सूर्य उगवतो, त्याला कोणी उगवत नाही. म्हणून 'द सन राइझेस इन द ईस्ट'. उलट 'वाढणे'त हा मधला 'व' नसला तरी पंगतीत त्याचा अर्थ निराळा होतो. 'आईनं जेवण वाढलं' यात ना राइझ ना रेझ, तिथे 'सर्व्ह्ड' लागतं. आणि 'मायनं मला उठवलं' यातलं उठवणं म्हणजे झोपेतून जागं करणं, म्हणून 'मदर वोक मी अप'. रेझ तिथे बसत नाही.

तिसरी पायरी : वाक्य भूतकाळात न्या आणि 'ने' शोधा

क्रियापदावरून उलगडा झाला नाही तर ही कसोटी लावा. वाक्य भूतकाळात, 'तो' किंवा 'ती' घेऊन म्हणा. करणाऱ्याला 'ने' लागला, बोलताना आपण 'नं' म्हणतो तो, तर रेझकडे वळा. नाही लागला तर राइझकडे.

'ती जागेवरून उठली.' इथे ने नाही, म्हणून 'शी रोझ फ्रॉम हर सीट'. 'तिनं हात वर केला.' इथे ने आहे, म्हणून 'शी रेझ्ड हर हँड'. 'तापमान वाढलं', म्हणून 'द टेम्परेचर रोझ'. 'दुकानदारानं किंमत वाढवली', म्हणून 'द शॉपकीपर रेझ्ड द प्राइस'.

प्रमाण मराठीत ही कसोटी 'मी' आणि 'तू'पाशी मुकी होते. 'मी उठलो' आणि 'मी हात वर केला', दोन्हीकडे नुसतं 'मी'. वऱ्हाडीत तसं होत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं 'मी उठलो' म्हणतात, पण 'म्या हात वर केला' म्हणतात. 'मी गेलो', पण 'म्या केलं'. म्हणजे जिथे पुस्तकी मराठी गप्प बसते तिथेही वऱ्हाडी करणाऱ्याला वेगळा टिळा लावते. मी आला की राइझ, म्या आला की रेझ. शहरातल्या क्लासमध्ये 'म्या' तोंडातून निघाला म्हणून मान खाली घालणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना मला मनापासून सांगायचं आहे की इंग्रजीचं हे अवघड वळण पार करताना तुमच्या आजीची बोली तुम्हाला पुस्तकापेक्षा आधी उत्तर देते. तिला घरी ठेवून अभ्यासाला बसू नका.

या कसोटीला तीन ठिकाणी जपायचं.

पहिलं ठिकाण कारणाचं. 'पावसानं नदी वाढली' यात 'पावसानं' आहे, पण तो ने कारण सांगतो. क्रियापद 'वाढली' आहे, 'वाढवली' नाही. म्हणून 'द रिव्हर रोझ बिकॉज ऑफ द रेन'. मात्र इंग्रजीला पाऊसच कर्ता करायचा असेल तर 'हेवी रेन रेझ्ड द वॉटर लेव्हल' हेही अगदी बरोबर. रेझ करणारा माणूसच असला पाहिजे असं नाही. पाऊस, खत, अफवा, काहीही एखाद्या गोष्टीला वर नेऊ शकतं.

दुसरं ठिकाण 'करणे' आणि 'घेणे' लावून केलेल्या शब्दांचं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरच्या लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. 'लोकांनी' म्हटलं, म्हणजे ने-चंच अनेकवचन, मग रेझ का? नाही. तो 'नी' आला 'केला'मुळे. तेच साध्या क्रियापदानं म्हणून पाहा, 'चिमूरचे लोक उठले'. 'नी' गळून पडला. म्हणून 'द पीपल ऑफ चिमूर रोझ अगेन्स्ट ब्रिटिश रूल इन १९४२'. बाजारभावाच्या बातमीत 'तुरीनं उसळी घेतली' असं येतं, तेही असंच. तूर चढली, म्हणून रोझ.

तिसरं असं की ही कसोटी वर जाण्या-नेण्याच्या अर्थापुरतीच ठेवा. 'तो जेवला', 'तो विसरला' अशा वाक्यांना ती लावत बसलात तर गोंधळ होईल, कारण मराठीत काही सकर्मक, म्हणजे कर्म घेणारी, क्रियापदंही ने घेत नाहीत.

चौथी पायरी : रेझच्या पुढे 'काय?' विचारा

आता इंग्रजी वाक्य लिहून झालं आहे असं धरा. रेझवर बोट ठेवा आणि 'काय वर नेलं?' असा प्रश्न विचारा. उत्तर त्याच वाक्यात, रेझच्या पुढे मिळालं पाहिजे. 'शी रेझ्ड' एवढ्यावर वाक्य थांबवलं तर ऐकणारा वाट पाहत राहतो. 'शी रेझ्ड हर हँड', 'शी रेझ्ड अ क्वेश्चन', आता पोट भरलं. पहिल्या पायरीवर जास्तीच्या अक्षराबद्दल म्हटलं होतं ते हेच. राइझला एक नाम पुरतं, रेझला दोन लागतात.

राइझचं उलट आहे. त्याच्या पुढे वस्तू ठेवायचीच नाही. 'द फार्मर रोझ द प्राइस' हे इंग्रजी नव्हे. राइझच्या पुढे वेळ, ठिकाण, प्रमाण येऊ शकतं. 'द टेम्परेचर इन चंद्रपूर ऑफन राइझेस अबव्ह ४५ डिग्रीज इन मे.' यातलं 'अबव्ह ४५ डिग्रीज' ही वर नेलेली वस्तू नाही, तो पारा कुठवर गेला त्याचा हिशोब आहे.

पाचवी पायरी : रूपं

रेझ साधं आहे. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. राइझची तिन्ही रूपं वेगळी आहेत. राइझ, रोझ, रिझन. रिझनमधला 'रि' ऱ्हस्व, 'रिकामा'मधल्यासारखा. स्पेलिंग आर-आय-एस-ई-एन. 'राइझ्ड' असं रूप इंग्रजीत नाही, ते वहीत कुठे दिसलं तर आत्ताच खोडा.

'हॅज' किंवा 'हॅव' आलं की रिझन. 'प्रायसेस हॅव रिझन', भाव वाढले आहेत. 'हॅव रोझ' ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आणि 'वॉज रिझन' कधीच नको. ते का, हे पुढच्या पायरीत.

सहावी पायरी : करणारा दिसत नाही तेव्हा

खरी परीक्षा इथे आहे आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तर ही पायरी पावलोपावली लागते.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० रुपये झाला. इंग्रजी बातमीत हे असं येतं : 'द एमएसपी ऑफ लाँग स्टेपल कॉटन वॉज रेझ्ड फ्रॉम ७,५२१ रुपीज टू ८,११० रुपीज पर क्विंटल'. इथे रेझ्डच्या पुढे 'काय?' विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि विद्यार्थी म्हणतो, मग राइझ हवं.

मराठी वाक्य म्हणून पाहा. 'हमीभाव वाढवण्यात आला.' वाढण्यात आला असं आपण म्हणत नाही, वाढवण्यात म्हणतो. करणारा वाक्यात नसला तरी 'व' त्याची आठवण ठेवतो. हमीभाव हवामानासारखा आपोआप वर जात नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र सरकार निर्णय घेतं आणि मग आकडा बदलतो. म्हणून 'वॉज रेझ्ड'. 'काय वर नेलं?' याचं उत्तर अशा वाक्यात पुढे नसतं, ते उचलून सुरुवातीला ठेवलेलं असतं : 'द एमएसपी'. राइझजवळ अशी उचलून पुढे ठेवायला वस्तूच नसते, म्हणून 'वॉज रिझन' होऊच शकत नाही.

बाजार समितीतला किंवा जिनिंगवरचा भाव मात्र आवक, मागणी, गाठींचा दर अशा अनेक गोष्टींनी हलतो. तो कोणी एकानं वाढवला असं सहसा म्हणता येत नाही, म्हणून तिथे 'रोझ'. कास्तकाराच्या घरातल्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हमीभाव आणि मिळालेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यानं घरात ऐकलेलं असतं. इंग्रजी त्याच दोन गोष्टींना दोन क्रियापदं देते. बातमीत कोणी 'प्रायसेस वेअर रेझ्ड' लिहिलं असेल तर समजावं की लिहिणाऱ्याच्या मते कोणीतरी भाव वाढवले आहेत.

जाता जाता 'बाय' आणि 'टू'. 'रेझ्ड बाय ५८९ रुपीज' म्हणजे वाढ ५८९ची. 'रेझ्ड टू ८,११० रुपीज' म्हणजे आकडा तिथवर पोचला. राइझलाही हेच लागू आहे. गणितात आणि उताऱ्यात दोन्हीकडे हे शब्द अडवतात.

सातवी पायरी : वर जाणं-नेणं नसतानाही

ग्रामसभेत कोणी पाण्याचा प्रश्न मांडला, तर 'ही रेझ्ड द इश्यू ऑफ वॉटर'. प्रश्न उपस्थित करणं, हरकत घेणं, आवाज उठवणं, घोषणा देणं या सगळ्याला इंग्रजीत रेझ चालतं. वर्गणी गोळा करणं 'रेझ मनी'. शेळ्या पाळणं 'रेझ गोट्स'. लेकरं लहानाची मोठी करणं 'रेझ चिल्ड्रन'. ऑनलाइन तक्रार नोंदवण्यालाही 'रेझ अ कम्प्लेंट' म्हणतात, ते अर्ज भरताना दिसेल. या प्रत्येकात करणारा आहे आणि केलेली गोष्टही आहे. पोतं उचलण्याला मात्र 'लिफ्ट' म्हणा.

प्रश्न मांडला की रेझ, पण प्रश्न उद्भवला तर राइझचं भावंड येतं, अराइझ : 'अ प्रॉब्लेम अरोझ'. मांडणे आणि उद्भवणे यांतला फरक पुन्हा तोच.

राइझचा एक सुंदर अर्थ नदीचा आहे, उगम पावणं. 'द पैनगंगा राइझेस इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट.' 'द वर्धा राइझेस इन बैतूल डिस्ट्रिक्ट ऑफ मध्य प्रदेश.' भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात असं वाक्य आलं की नदीला पूर आला असा अर्थ लावू नका.

सकाळी झोपेतून उठण्याला राइझ चालतं, पण ते फार औपचारिक आहे. रोजच्या बोलण्यात 'आय गॉट अप' म्हणा. नाम म्हणून वापरायचं तर 'अ राइझ इन प्रायसेस'. पगारवाढीला ब्रिटिश 'राइझ' म्हणतात आणि अमेरिकन 'रेझ', म्हणून दोन्ही दिसतील आणि दोन्ही बरोबर.

थोडं इंग्रजीच्या पोटात

हे मी मुद्दाम सांगतो, कारण यामुळे इंग्रजी परकी वाटेनाशी होते. मराठीत पडणे-पाडणे अशा जोड्या शेकड्यांनी आहेत. इंग्रजीतही एकेकाळी अशा जोड्या बनवण्याची जिवंत रीत होती. ती मोडली आणि थोड्या जोड्या मागे राहिल्या. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. फॉल म्हणजे पडणं, आणि झाड पाडणं याला 'फेल अ ट्री' म्हणतात. रेझ हा शब्द तर इंग्रजीनं बाहेरून घेतला. नवव्या शतकापासून इंग्लंडात येऊन वसलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला. इंग्रजीचा स्वतःचा शब्द रिअर होता, तो आज मुख्यतः जनावरं-कोंबड्या पाळण्यापुरता उरला आहे.

मला सर्वांत आवडणारी जोडी ड्रिंक आणि ड्रेंचची. ड्रिंक म्हणजे पिणं. ड्रेंचचा आजचा सरळ अर्थ चिंब भिजवणं, पण मूळ अर्थ पाजणं. जनावरांच्या डॉक्टरांनी तो मूळ अर्थ सांभाळून ठेवला आहे. शेळ्यांना जंताचं औषध तोंडातून पाजतात त्याला ते आजही ड्रेंचिंग म्हणतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात हा शब्द कानावर पडला तर लक्षात येईल की पिणे-पाजणे इंग्रजीतही होतं.

आठवी पायरी : लाय आणि ले

राइझ-रेझ पक्कं झाल्यावरच इकडे या. लाय म्हणजे पडून असणं, ले म्हणजे ठेवणं, अंथरणं, टाकणं, घालणं. ने-ची कसोटी इथेही चालते. 'आजा बाजेवर पडला आहे', म्हणून 'ग्रँडफादर इज लाइंग ऑन द कॉट'. 'आजीनं बाजेवर गोधडी अंथरली', म्हणून 'ग्रँडमदर लेड अ क्विल्ट ऑन द कॉट'. कोंबडीनं अंडं घातलं, म्हणून 'द हेन लेड ॲन एग'. वावरात ठिबकच्या नळ्या टाकणं, घराचा पाया घालणं, रूळ टाकणं, सगळीकडे ले. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, ते इंग्रजीत 'राजीव गांधी लेड द फाउंडेशन स्टोन इन १९८८'.

अवघड आहे ते रूपांचं. ले, लेड, लेड हे सरळ, स्पेलिंग एल-ए-आय-डी. पण लायची रूपं लाय, ले, लेन. म्हणजे लायचा भूतकाळ दिसायला हुबेहूब दुसऱ्या क्रियापदासारखा. 'ही ले इन बेड ऑल डे' वाचलं की काय ठेवलं असा प्रश्न पडतो, आणि काहीच ठेवलेलं नसतं, तो दिवसभर पडून होता. ओळखायची खूण चौथ्या पायरीचीच : पुढे वस्तू नसेल तर ते लायचं भूतकाळी रूप. लायचं चालू रूप लिहिताना स्पेलिंग बदलतं, एल-वाय-आय-एन-जी. आणि खोटं बोलणं हे तिसरंच लाय आहे, त्याची रूपं लाइड, लाइड. ते या हिशोबात धरू नका.

मराठी 'पडणे' इथे एकदा चकवतं. 'झाड पडलं' म्हणजे कोसळलं, तिथे 'फेल', फॉलचा भूतकाळ. 'झाड रस्त्यावर पडलेलं आहे' म्हणजे 'इज लाइंग'. पडण्याची क्रिया आणि पडून असण्याची स्थिती मराठीत एकाच शब्दात राहतात, इंग्रजीत वेगळ्या.

सरावाला बसा

पुढची वाक्यं आधी मराठीत मोठ्यानं म्हणा, मग इंग्रजीत लिहा, आणि नंतरच खाली पाहा.

रात्री पैनगंगेचं पाणी वाढलं. सोयाबीनचे भाव या आठवड्यात चढले आहेत. सरपंचबाईंनी ग्रामसभेत रस्त्याचा प्रश्न मांडला. बसभाडं वाढवण्यात आलं. तिच्या मावशीनं तिला लहानाची मोठी केली. शेळी गोठ्यात पडली आहे. मजुरांनी काल पाइप टाकले. तूर महिनाभर गोडाऊनमध्ये पडून होती.

पैनगंगेच्या वाक्यात करणारा नाही : 'द वॉटर इन द पैनगंगा रोझ लास्ट नाइट'. सोयाबीनच्या वाक्यात 'चढले आहेत', म्हणून 'हॅव रिझन'. तिथे 'हॅव रोझ' लिहिलं असेल तर पाचवी पायरी पुन्हा वाचा. सरपंचबाईंना 'नी' लागला आहे आणि मांडलेली गोष्टही आहे, म्हणून 'रेझ्ड द इश्यू ऑफ द रोड'. बसभाड्यात 'वाढवण्यात' ऐकू आलं असेल तर 'बस फेअर्स वेअर रेझ्ड' आपोआप सुचेल. मावशीचं वाक्य 'हर आंट रेझ्ड हर'. शेळी पडून आहे, कोसळलेली नाही, म्हणून 'द गोट इज लाइंग इन द शेड'. मजुरांनी पाइप टाकले, ने-ची कसोटी आणि पुढची वस्तू दोन्ही हजर : 'द वर्कर्स लेड द पाइप्स येस्टरडे'.

तुरीचं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं. तूर पडून होती, तिनं काही ठेवलं नाही, म्हणून लाय, आणि भूतकाळ म्हणून ले : 'द तूर ले इन द गोडाऊन फॉर अ मंथ'. कास्तकारानं ती तिथे ठेवली असं म्हणायचं असतं तर रोजच्या इंग्रजीत 'केप्ट' आलं असतं. 'लेड' लिहिलं असेल तर वहीत त्याच्या पुढे 'काय?' असं लिहा आणि उत्तर सापडतं का बघा.